पाचवा जिन्नस

१२ सप्टेंबर, गुरुवार

चार म्हणजे चारच. तेल, व्हिनेगर, मोहरी, मीठ. अकरा वर्षं बाटलीवर हेच छापलंय आणि अकरा वर्षं बाटलीत हेच जातंय. आणि आज दवाखान्याच्या खरेदीवाल्या बाई फोनवर मला सांगतात, "तुमच्या बाटलीत पाच जिन्नस निघाले."

मी म्हटलं, बाटली बदलली असेल. तर म्हणे तीन बाटल्या तपासल्या, तिन्हींत तेच. मी म्हटलं, मग तपासणारे बदला. हसल्या नाहीत.

पाचवा कुठला, तर कसलासा डिंक. पांढरी पूड असते म्हणे. उद्या म्हणतील, बाटलीत मासा निघाला!

सहा दवाखान्यांच्या स्वयंपाकघरांची ऑर्डर. दोन वर्षं चपला झिजवल्या तिच्यासाठी. आजारी माणसांच्या पोटात जाणार, म्हणून लेबल आणि आतला माल जुळवून बघायची त्यांची पद्धत. बघा की. मीच छातीठोकपणे म्हटलं होतं, हवं तितकं बघा.

धाकटीला सांगितलं. ती बुचं मोजत बसली होती. "चुकलं असेल त्यांचं काहीतरी, वहिनी," म्हणाली, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

डोक्यातून जात नाही.

मी उगाच मिजास करत नाही. कुणाचीही घरगुती बाटली आणा. कितीही घुसळलेली असो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर तेल, खाली पाणी, मध्ये रेषा. माझी दोन महिने फळीवर उभी राहते, एकजीव, मधासारखी. लोक विचारतात, काय घालता? मी मनगट दाखवते. लेबलवर छापलंयच – चार जिन्नस आणि एक हात.

हा हात फुकट आला नाही. वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा मी चव्वेचाळीसची. एकोणीस वर्षं दोनशे मुलींचं रांधलं आणि एका सोमवारी गेले तर दाराला कुलूप. वर्षभर भिंतीकडे बघत बसले होते. मग हे सॅलडवर घालायचं ड्रेसिंग सुचलं. पहिले आठ दिवस रोज फुटायचं, रोज रडायचे. हे म्हणायचे, अजून आठ दिवस कर, मग सोड. नवव्या दिवशी राहिलं. दहाव्याही. हात बसला तो बसला.

पुढे तीन वर्षांनी हे आजारी पडले. तेव्हा धाकटी खाली मदतीला आली ती कायमचीच. दिराची बायको, वरच्या मजल्यावर संसार. नात्याने जाऊ, पण सख्ख्या बहिणीने केलं नसतं इतकं तिने ह्यांचं केलं. हे गेल्यावर माझंही केलं. तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. मीठ-मोहरी तोलून प्रत्येक घाण्याचा डबा भरून ठेवायचा तिने, फेटायचं मी, बाटल्या भरायच्या दोघींनी. आठ वर्षांत दोघींत एकदा भांडण झालं, तेही खिडकीला जाळी कुठल्या रंगाची यावरून.

सोमवारी जाते त्या प्रयोगशाळेत. समोरासमोर होऊ दे.

१४ सप्टेंबर, शनिवार

शनिवारचा वर्ग. आठ बायका. निवृत्त नर्सबाईंचं पुन्हा फुटलं. त्यांनी विचारलं, माझं नेमकं काय चुकतं? मी नेहमीचंच सांगितलं – घाई करता, मन नसतं. बिचाऱ्या मान खाली घालून भांडं विसळायला गेल्या.

१६ सप्टेंबर, सोमवार

प्रयोगशाळा म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी मोठं. एका दुकानाच्या वर तीन खोल्या, आणि तपासणारी एक मुलगी, तिला सर्दी झालेली. नाक पुसत पुसत तिने मला कागद दाखवला. मला त्यातलं काय कळणार? मी सरळ म्हटलं, तुमच्यासमोर करून दाखवते. ती म्हणाली, करा.

तेल-व्हिनेगर मी माझं नेलं होतं, मोहरीही. मीठ तिथलंच घेतलं. भांडं मांडीवर घट्ट धरून नेहमीसारखं फेटलं. दाट झालं, चमक आली. काचेच्या उंच नळीत ओतलं आणि मी तिला म्हटलं, आता बघ.

बघत बसलो दोघी. मला एकसारखं पाणी विचारत होती. तासाभराने नळीच्या तळाशी बोटभर पट्टा निवळला. मग आणखी थोडा.

मी म्हटलं, तुमच्या मिठात काहीतरी आहे.

ती वाद घालत बसली नाही. विचारलं, तेल वेगळं का होतं असं वाटतं तुम्हाला? मी म्हटलं, हलकं म्हणून. म्हणाली, हलकं आहे म्हणून ते वर जातं, खालती जात नाही, इतकंच. स्पिरिट पण पाण्याहून हलकं असतं, ते मिसळतंच की. मग तिने समजावलं. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, फार घट्ट. व्हिनेगर म्हणजे बहुतेक पाणीच. तेलाला धरता येईल असं पाण्याकडे काही नाही. मग पाणी आपलं आपलं जवळ येत राहतं आणि तेल बाहेर ढकललं जातं. वैर वगैरे काही नाही. फेटून आपण तेलाचे बारीक थेंब करतो, पण थेंबाला थेंब भेटला की त्याचा मोठा थेंब होतो, आणि मोठा झाला की वर निघाला. मोहरीत थोडं असं काहीतरी असतं, ज्याचं एक टोक तेलाकडे राहतं आणि एक पाण्याकडे. ते थेंबाभोवती जाऊन बसतं. तेवढाच वेळ मिळतो. काही तास. फार तर दिवस-दोन दिवस.

"आणि हात चांगला असला तर?" मी विचारलं.

"हाताने थेंब बारीक होतात, काकू. थांबत नाहीत ते. दोन महिने थांबवायचे तर पाणीच घट्ट करावं लागतं. डिंक तेच करतो. मग थेंबांना वर चढताच येत नाही."

पुस्तकं वाचून आलेली पोर. अकरा वर्षं मी कुणाच्या पुस्तकात बघून फेटलं?

१७ सप्टेंबर, मंगळवार

धाकटी डोळे तपासायला गेली होती, मी एकटीनेच घाणा काढला. मिठाचा नवा पुडा फोडला, मोहरी स्वतः दळली. बारा बाटल्या. खिडकीत ठेवल्यात.

धाकटी आल्यावर काही बोलले नाही. का बोलले नाही, मलाच कळत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी जाऊन बघितलं. बाराच्या बारा.

मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेषा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज तिने तोललेल्या डब्यांतला एक घेतला. तेच तेल, तेच व्हिनेगर, तोच माझा हात. फक्त डबा तिचा. दुपारपर्यंत हललं नाही. संध्याकाळीही तसंच, एकजीव.

मग दुसऱ्या डब्यातली चिमूट काढली. वरून बघायला मीठ आणि मोहरीच. बोटांवर घेतली, पाण्याचा थेंब टाकला आणि चोळली.

बुळबुळीत. मीठ बुळबुळीत होतं कधी? बोटाला बोट चिकटेना, नुसतं सटकत राहिलं. साबणाने धुतलं तरी बराच वेळ गेला नाही.

म्हणजे घरातच. बाहेरचं कुणी नाही. प्रयोगशाळेतल्या ज्या मुलीच्या मिठाला मी नावं ठेवली तिचं काही चुकलं नव्हतं. आणि जिला मी सगळ्यात आधी सांगायला धावले, ती बुचं मोजत बसली होती.

२१ सप्टेंबर, शनिवार

वर्गाला सुट्टी दिली.

दोन दिवस शब्द जुळवत होते. आज ती खाली आली, ॲप्रन बांधला, आणि मी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक फुटलेली, एक तिची. मध्ये तो डबा. तिने बघितलं आणि खुर्ची ओढून बसली.

"मीच घालते," म्हणाली.

किती वर्षं? आले तेव्हापासून. कोणी सांगितलं? कोणी नाही, मलाच सुचलं. कुठून आणतेस? रंगाच्या गल्लीत एक बेकरीचं सामान विकणारा आहे, त्याच्याकडून. सगळी उत्तरं सरळ, मान वर करून. रडली असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं, का?

"राहत नव्हतं, वहिनी."

मी म्हटलं, कसं राहत नव्हतं? तू येण्याआधी तीन वर्षं राहत होतं! तीन वर्षं माझ्या एकटीच्या हाताने राहिलं, तेव्हा कुठे होतीस तू? त्यावर ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "हो. तेव्हा राहायचं."

त्याने तर माझा तोलच गेला. म्हणजे तिला ठाऊक होतं! चांगला चालता हात, आणि ही येऊन त्यात पूड कालवते. भरवसा नव्हता म्हणून? की हे गेल्यावर मी कामातून गेले असं धरून चालली? आणि मी आपली आठ वर्षं वर्गात मनगट दाखवत फिरते आहे. लोकांना सांगते आहे, मन नसतं तुमचं. ती कोपऱ्यात बसून ऐकायची. ऐकून घ्यायची!

मी म्हटलं, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. म्हटलं, केसाने गळा कापलास. आणखीही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, आजपासून खाली यायचं नाही.

तिने ॲप्रन काढला. घडी घातली. टेबलावर ठेवताना म्हणाली, "सोमवारच्या घाण्याचे डबे भरून ठेवलेत." आणि गेली.

सगळे डबे मोरीत ओतले. मोरी अजून निसरडी आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

वर माणसं राहतात की नाही, इतकी शांतता.

२३ सप्टेंबर, सोमवार

हात कुठे जात नाही. आठ वर्षं त्याला गरजच पडली नाही, म्हणून आळसावला. वापर नसला की सुरीसुद्धा गंजते. परत आणायचा. रोज सकाळी एक छोटा घाणा, चारच जिन्नस, एक बाटली. बाटलीवर तारीख घालून खिडकीत.

आजची दुपारी दोनला फुटली.

२५ सप्टेंबर, बुधवार

परवाची फुटली, कालची फुटली, आजची फुटली. आज तेलाची धार केसाएवढी बारीक केली होती. भांडं थंड पाण्यात ठेवून फेटलं. संध्याकाळपर्यंत टिकली, इतकंच.

खरेदीवाल्या बाईंचा फोन. मी काय ते सांगून टाकलं – पूड आमच्याकडूनच पडत होती, मला माहीत नव्हतं. मला वाटलं ऑर्डर गेली. तर त्या म्हणाल्या, "पूड असल्याचं आम्हाला काहीच नाही, बाई. अर्ध्या बाजारात असते. ती लेबलवर नाही याचं आहे. दहा तारखेपर्यंत पाच लिहून द्या, आम्ही घेतो."

इतकं सोपं. पाच लिहा. त्यांना काय, पाच काय नि पंधरा काय!

मी म्हटलं, कळवते.

२८ सप्टेंबर, शनिवार

वर्ग घेतला. शेवटचा.

आठही जणी आल्या होत्या, भांडी काढून बसल्या होत्या. मी म्हटलं, आज फेटायचं नाही. आणि सांगितलं. माझ्या बाटलीत डिंक आहे, आठ वर्षांपासून आहे, मला आत्ता कळलं. तुमचं फुटत होतं त्यात तुमची काही चूक नव्हती. नुसतं फेटलेलं फुटतंच. हे शेवटचं वाक्य म्हणताना जीभ अडखळली, कारण माझा त्यावर पुरता विश्वास नाही. पहिली तीन वर्षं फुटलं नव्हतं. पण ते त्यांना सांगून काय उपयोग?

एकीने विचारलं, मग आम्ही फी कशाची भरली? तिला परत देईन म्हटलं.

नर्सबाई सगळ्यात शेवटी उठल्या. म्हणाल्या, "माझा मुलगा मला म्हणायचा, आई, तुझं आता कशातच मन लागत नाही. तुम्हीही तेच म्हणायचात. मला खरंच तसं वाटायला लागलं होतं." रागाने नाही म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

मनगट सुजलंय. तरी आजचीही केली. फुटली.

सकाळपासून एक गोष्ट मनात येतेय आणि मी ती बाजूला सारतेय. लिहूनच टाकते. चार वर्षांपूर्वीचा साठ बाटल्यांचा घाणा फुटला होता. अख्खा. दुकानदाराने माघारी पाठवला होता. त्या वेळी धाकटी ऑपरेशनसाठी बारा दिवस दवाखान्यात होती. बारा दिवस! म्हणजे पूड पडलीच नव्हती.

आणि मी खापर कुणावर फोडलं? घड्याळवर.

घड्याळ पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. बाटल्या धुणं, वाळवणं, लेबलं चिकटवणं. आठ म्हणजे आठला दारात उभी, म्हणून हे तिला घड्याळ म्हणायचे आणि मग तेच नाव पडलं. पहिल्या दिवशी विचारलं होतं तिने – ड्रेसिंग? कुणाला लागलंय? हे किती हसले होते. त्या घड्याळला मी म्हटलं, बाटल्या ओल्या ठेवल्यास, पाणी राहिलं म्हणून माल नासला. ती म्हणाली, कोरड्या होत्या. एकदाच म्हणाली. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. सात वर्षं कामाला असलेली बाई.

धाकटी घरी आली तेव्हा म्हणाली होती, तिला परत बोलवा. दोनदा-तीनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. पण खरं कारण तिने तेव्हाही सांगितलं नाही! स्वतःची लबाडी झाकायला एका गरीब बाईची भाकरी जाऊ दिली. मला फसवलं ते एक वेळ सोडून देईन. हे कसं सोडू?

१ ऑक्टोबर, मंगळवार

छापखान्यात नवं लेबल टाकलं. पाच. हाताची ओळ काढायला सांगितली. छापखानेवाला म्हणाला, जागा रिकामी दिसेल. म्हटलं, दिसू दे.

मोठेपणाने नाही केलं. वरच्या घराचंही याच्यावरच चालतं, दिराची नोकरी कधीच धड नव्हती. मला राग धाकटीचा आहे, तिच्या ताटाचा नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

पूड आणली. व्हिनेगरमध्ये टाकली आणि फेटायला गेले तर गुठळ्याच गुठळ्या, माशाच्या डोळ्यांसारख्या. गाळून बघितलं, जाळी बुजली. अख्खं व्हिनेगर वाया.

चिडून भांडं आपटलं असेन. अर्ध्या तासाने दीर खाली आले. आमचे दीर म्हणजे गरीब गाय, घरात मांजर जास्त बोलतं. हातात चिठ्ठी दिली, "तिने दिलीय," म्हणाले आणि उलट पावली वर. चिठ्ठीत एकच ओळ: आधी कोरड्या मिठात नीट कालवा, मग टाका. वीस लिटरला अडीच चमचे, जास्त नको, तार येते.

फाडावीशी वाटली. फाडली नाही. तसंच केलं, आणि झालं नीट. त्याचाच जास्त राग आला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घड्याळकडे जाऊन आले.

पत्ता विचारत विचारत गेले. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्री करते आता. केस पांढरे झालेत. मला बघून इस्त्री उभी केली, पण हात पुसला नाही, बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पूड होती, त्या बारा दिवसांत पडली नाही, बाटल्या कोरड्याच होत्या. चूक माझी होती. परत ये म्हटलं.

ती म्हणाली, "झालं ते झालं, बाई." आणि शर्टाची कॉलर ओढून घेतली.

मला वाटलं होतं चिडेल, नाहीतर रडेल. किंवा निदान विचारेल, कसली पूड? विचारलं नाही. मी म्हटलं, धाकटीने तुझा बळी दिला, आता ती खाली येत नाही, मी बंद केलंय. तेव्हा मात्र इस्त्री थांबली. "धाकट्या बाईंना तुम्ही काढलंत?" मी हो म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, कापड करपल्याचा वास यायला लागला तेव्हा दचकली.

निघताना वाटलं, हिला काहीतरी बोलायचं होतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

खिडकीत तेरा बाटल्या झाल्या. सगळ्यांत रेषा. तरी सोडणार नाही. एकदा बसलेला हात आहे. आठ वर्षं तिने चोरली, पण त्याआधीची तीन माझी आहेत. ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठला दार वाजलं. घड्याळ.

आत आली, खिडकीतल्या बाटल्या बघितल्या, तारखा वाचल्या. विचारलं, हे काय? मी म्हटलं, जुना हात परत आणतेय, सुरुवातीचा. तिने हातातली बाटली परत जागेवर ठेवली. मग म्हणाली, "धाकट्या बाई यायच्या आधी मीठ कोण तोलायचं, बाई?"

हे तोलायचे.

नवव्या दिवसापासून. कामावरून येताना पुडी खिशात आणायचे. घड्याळने एकदा बघितलं, तर तिच्याकडून वचन घेतलं. शेवटी अंथरुणावरून उठवेना तेव्हा धाकटीकडून घेतलं – माझ्या मागे काम चालू राहू दे, आणि तिला कळू देऊ नकोस. दोघींनी पाळलं. एकीचं काम गेलं, एकीला मी घराबाहेर काढल्यासारखंच केलं, तरी पाळलं.

ह्यांना आता काय विचारू? कुठे जाऊन भांडू?

घड्याळ खालीच बसली आहे, म्हणते जाऊन या आधी. जिना सोळा पायऱ्यांचा. वर जाऊन काय बोलायचं ते ठाऊक नाही. जाते.